‘कोण?’ या प्रश्नाची दोन उत्तरे

मागच्या पावसाळ्यात दादर स्थानकाच्या मधल्या पुलावर लोकांनी एका पोरसवदा मुलाला पाकीटमार म्हणून धरले होते. गर्दीतल्या एका गृहस्थाने, ज्यांच्या खांद्याला बँकेच्या कर्मचाऱ्याची असते तशी पिशवी होती, त्याची कॉलर पकडून पहिला प्रश्न विचारला तो असा : ‘कुठचा रे तू?’ पाकिटाची चौकशी त्यानंतर झाली, आणि दोन्ही प्रश्नांच्या मध्ये एक थप्पड बसून गेली. माझी बदलापूर फास्ट फलाटाला लागत होती, म्हणून मी पुढे काय झाले ते पाहायला थांबलो नाही. ही गोष्ट मी अभिमानाने सांगत नाही. मात्र त्या दोन प्रश्नांचा क्रम डोक्यातून जाईना, आणि अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातल्या १८९१ सालच्या हत्याकांडाविषयी पूर्वी वाचलेले सगळे मी पुन्हा काढून वाचायला बसलो.

१५ ऑक्टोबर १८९० च्या रात्री त्या शहराचा पोलीसप्रमुख डेव्हिड हेनेसी याच्यावर घराजवळ गोळ्या झाडण्यात आल्या. धावत आलेल्या ओळखीच्या अधिकाऱ्याने त्याला ‘कोणी मारले?’ असे विचारले, तेव्हा त्याने कानात ‘डेगोज’ एवढाच शब्द उच्चारला, असे त्या अधिकाऱ्याचे सांगणे होते. हा इटालियनांसाठीचा हेटाळणीचा शब्द आहे. ‘दिएगो’ या साध्या स्पॅनिश नावावरून तो बनला असे मानतात. (आपण ‘भय्या’ या शब्दाचे काय केले आहे ते आठवावे; मुळात तो भाऊ.) हेनेसी त्यानंतर कित्येक तास शुद्धीवर होता, रुग्णालयात मित्रांशी बोलत होता, तरी त्याने एकाही माणसाचे नाव घेतले नाही. त्या एका ऐकीव शब्दावर शहराचा महापौर जोसेफ शेक्सपिअर (आडनाव खरोखरच हे होते) याने परिसर पिंजून काढून दिसेल त्या इटालियनाला धरण्याचा आदेश दिला आणि शंभराहून अधिक लोक उचलले गेले.

हे लोक बहुतेक इटलीच्या सिसिली बेटावरून आलेले होते. गुलामगिरी संपल्यावर लुईझियानातल्या (न्यू ऑर्लिन्स याच राज्यात आहे) उसाच्या मळ्यांना स्वस्त मजूर हवे होते, म्हणून त्यांना बोलावले गेले. पुढे त्यांनी शहरात फळांचा व्यापार आणि बंदरावर माल उतरवण्याचे काम हाती घेतले. माझे वडील माझगावच्या गोदीत होते, त्यामुळे जहाज कोणाच्या टोळीने रिकामे करायचे यावरून किती वैर माजू शकते हे मला घरबसल्या कळलेले आहे. न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्यावर फळांची जहाजे रिकामी करण्याच्या कामावरून प्रोव्हेन्झानो आणि मात्रांगा या दोन घराण्यांमध्ये खरोखरच रक्तरंजित भांडण होते, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु दोन घराण्यांचे भांडण पाहता पाहता एका अख्ख्या समाजाचा स्वभाव ठरले, आणि ‘माफिया’ हा शब्द अमेरिकी वर्तमानपत्रांत घरोघरी पोहोचला तो याच प्रकरणातून.

एकोणीस जणांवर आरोप ठेवण्यात आला आणि त्यांतल्या नऊ जणांचा खटला आधी चालला. त्यांत पिएत्रो मोनास्टेरिओ नावाचा एक चांभार होता, ज्याची झोपडी खुनाच्या जागेसमोर होती, आणि अस्पेरी मार्केझी नावाचा एक कोवळा मुलगा होता, ज्याने हेनेसी येताना शिटी वाजवून इशारा दिला असे म्हणत. १३ मार्च १८९१ रोजी ज्यूरीने सहा जणांना निर्दोष ठरवले आणि तिघांविषयी तिचे एकमत झाले नाही. ज्यूरीला पैसे चारल्याची कुजबुज लगेच सुरू झाली. सुटलेल्यांनाही दुसऱ्या एका आरोपाखाली त्या रात्री तुरुंगातच परत नेण्यात आले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या वर्तमानपत्रांत एक जाहीर आवाहन छापून आले : सर्व चांगल्या नागरिकांनी सकाळी १० वाजता हेन्री क्ले या जुन्या राजकीय नेत्याच्या पुतळ्यापाशी जमावे, न्यायाची चूक दुरुस्त करायची आहे, कृतीच्या तयारीने यावे. खाली एकसष्ट प्रतिष्ठितांची नावे होती. माझे लक्ष सर्वांत जास्त या जाहिरातीने वेधून घेतले, कारण जमाव म्हटला की आपल्या मनासमोर अनोळखी, बेभान, बिनचेहऱ्याची माणसे येतात; येथे तर वकील आणि व्यापारी वेळ, ठिकाण आणि स्वतःचे नाव छापून बोलावत होते. विल्यम पार्कर्सन या वकिलाने भाषण केले आणि हजारोंचा लोंढा तुरुंगाकडे वळला. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने कोठड्या उघडून कैद्यांना जमेल तेथे लपायला सांगितले. नऊ जण आतच गोळ्यांनी मारले गेले. पोलित्झी आणि बॅन्येटो या दोघांना बाहेर ओढून टांगण्यात आले. मेलेल्या अकरांपैकी तिघे आदल्याच दिवशी निर्दोष ठरलेले होते, तिघांविषयी ज्यूरीचा निर्णय झाला नव्हता आणि उरलेल्या पाच जणांचा खटला सुरूच झाला नव्हता. अस्पेरी वाचला. त्याचे वडील अँटोनिओ वाचले नाहीत.

दोन दिवसांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या अग्रलेखाने सिसिलियनांना दरोडेखोरांचे आणि मारेकऱ्यांचे वंशज म्हटले, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट यांनी घडले ते एकंदरीत बरेच झाले, अशा अर्थाचे शब्द बहिणीला पत्रात लिहिले. इटालियनांना चिडवण्यासाठी त्यांच्या मोडक्या इंग्रजीची नक्कल करून ‘चीफला कोणी मारले?’ असे ओरडण्याची टूम पुढे कित्येक वर्षे चालली. उच्चारांची नक्कल ही निरुपद्रवी करमणूक आहे असे मला पूर्वी वाटे. आमच्या चाळीच्या गणेशोत्सवात ‘अय्यो’ म्हणणारा हॉटेलवाला हमखास टाळ्या घेत असे, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो. साठच्या दशकात मुंबईतच उडप्यांच्या हॉटेलांवर दगड पडले होते, हे तेव्हा आम्हा मुलांना कोणी सांगितले नव्हते.

इटलीने वॉशिंग्टनमधून आपला दूत परत बोलावला, आणि १८९२ साली राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या सरकारने २५,००० डॉलर भरपाई देऊन प्रकरण मिटवले. येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या काळात झुंडबळी गेलेल्यांत फार मोठी संख्या कृष्णवर्णीयांची होती, हजारोंनी होती, आणि त्यांच्या वतीने दूत परत बोलावणारे कोणतेही सरकार पृथ्वीवर नव्हते. सिसिलियन मजूर याच कृष्णवर्णीयांच्या शेजारी राहत, त्यांच्याबरोबर राबत आणि त्यांना माल विकत, हेही तिथल्या गोऱ्यांच्या डोळ्यांत खुपत होतेच. १८९९ मध्ये लुईझियानातल्याच टॅलुला गावी शेळीवरून सुरू झालेल्या भांडणाचा शेवट जमावाने पाच सिसिलियनांना फासावर लटकवण्यात झाला. अमेरिकेच्या १९२४ च्या स्थलांतर कायद्याने तर दारच जवळजवळ लावून घेतले. इटलीतून वर्षाला फक्त ३,८४५ माणसांना प्रवेश राहिला.

तुरुंगातल्या हत्यांची चौकशी न्यू ऑर्लिन्समध्ये झाली नाही असे नाही. ग्रँड ज्यूरी (आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणारे नागरिकांचे मंडळ) बसली आणि तिने मे १८९१ मध्ये अहवाल दिला. हेनेसीला कोणी मारले, या प्रश्नाला ‘इटालियनांनी’ हे उत्तर मिळाले होते आणि त्यामुळे शहरातला प्रत्येक इटालियन संशयित ठरला होता. अकरा कैद्यांना कोणी मारले, या प्रश्नालाही ग्रँड ज्यूरीने तसेच सामूहिक उत्तर दिले : जमावात शहरातले हजारो अग्रगण्य, उत्तम आणि कायदा पाळणारे नागरिक होते. त्यामुळे कोणा एकावर आरोप ठेवता येत नाही, असे ठरले. पार्कर्सनचे भाषण हजारोंनी ऐकले होते, आणि एकसष्ट नावे तर वर्तमानपत्रात छापलेलीच होती.