पार थ्रीच्या टीवरची वीस मिनिटं आणि बिघडणारा स्विंग

गोल्फच्या अठरा होलपैकी पहिले नऊ होल स्विंग, म्हणजे क्लब फिरवण्याची लय, टिकवण्यात काही विशेष नाही. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) मारलेले तीस-चाळीस बॉल अंगात असतात, पाय मोकळे असतात. माझं डोकं तापतं ते पुढे, बाराव्या-तेराव्याला, पार थ्रीच्या (तीन फटक्यांत संपवायच्या छोट्या होलच्या) टीवर, म्हणजे पहिला शॉट मारायच्या जागेवर. एक ग्रुप ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर), दुसरा टीवर आणि तिसरे आपण. नियमांत शॉट ४० सेकंदांत मारावा अशी शिफारस आहे, बॉल शोधायला ३ मिनिटं आहेत. पण पुढचे चौघे प्रत्येकी चार-चार सराव-स्विंग करून मग क्लब बदलायला बॅगेकडे परतत असतील, तर ती शिफारस कागदावरच राहते. पंधरा-वीस मिनिटं सहज जातात.

स्विंग थकव्याने बिघडतो असं सगळे म्हणतात. माझ्या मते थकव्यापेक्षा या उभं राहण्याने जास्त बिघडतो. दोन-अडीच तास चालून तापलेली कंबर आणि मांड्या तिथे आखडतात. मग पहिल्याच शॉटला कंबर वळत नाही, हात एकटेच क्लब वर नेतात. खांदे जेमतेम ६०-७० अंश फिरलेले असतात, आपल्याला मात्र ९० झाले असं वाटतं. जोर कमी पडणार हे आत कुठेतरी कळलेलं असतं, म्हणून वरून खाली यायची घाई होते. पुढचं ठरलेलंच. कंबर अडली आणि मनगटं पुढे पळाली की हुक, बॉल डावीकडे वळतो. कंबर बॉलच्या दिशेने ढकलली गेली, पाठीचा कोन सुटला, की टॉप, क्लब बॉलच्या वरच्या भागाला लागतो. वजन मागच्या पायावर राहिलं की बॉलच्या दोन इंच आधी माती. (हे उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी. डावखुऱ्यांनी दिशा उलट्या वाचाव्यात.)

म्हणून वाट पाहताना मी बसत नाही. कार्टची सीट समोर असली तरी नाही. ग्लव्ह काढून बॅगेला अडकवायचं, तळहात आणि ग्रिप (क्लबची मूठ) कोरड्या टॉवेलने पुसायची. पुढच्या ग्रुपचे स्विंग बघायचे नाहीत, एखाद्याची झटक्याची लय नकळत आपल्या हातात उतरते. क्लबही आधी ठरवायचा नाही, कारण वीस मिनिटांत वारा बदलतो आणि आपण जुन्याच निर्णयाला चिकटून राहतो.

ग्रीनवरचा ग्रुप पटर (ग्रीनवर वापरायचा क्लब) बॅगेत टाकू लागला की तयारी सुरू. क्लब खांद्यांवर आडवा धरून दोन्ही बाजूंना आठ-दहा वेळा वळायचं, पाठ लक्ष्याकडे येईपर्यंत. मग आयर्न (धातूच्या पातळ डोक्याचा क्लब) उलटा, डोक्याच्या बाजूने धरून दोनदा फिरवायचा. ‘सुई’ असा आवाज बॉलच्या जागेच्या जरा पुढे यायला हवा. तो उजव्या पायाजवळच आला तर आपण वरूनच घाई केली. वजनदार रिंग किंवा जड हेडकव्हर लावून मात्र फिरवू नका. नियम ४.३ प्रमाणे स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळताना) त्याला दोन स्ट्रोकचा दंड आहे. दिशा बघायला जमिनीवर क्लब ठेवून शॉटसाठी उभं राहिलात तरी तेवढाच, आणि नंतर क्लब उचलून सुटका नाही. त्यापेक्षा बॉलच्या मीटरभर पुढे, लक्ष्याच्या रेषेत, एखादं पान किंवा जुना डिव्हॉट (शॉटने गवतात उकरलेली खूण) हेरा आणि क्लबफेस, म्हणजे क्लबचा बॉलला लागणारा भाग, त्याच्या दिशेला करा.

लय मी मोजतो. एक-दोन-तीन वर जाताना, चार बॉलवर. बॅकस्विंगला डाउनस्विंगच्या साधारण तिप्पट वेळ लागतो, तो टिकला की बाकीचं बरंच सावरतं. ग्रिपची पकड दहापैकी चार. ती सातवर गेली की मनगटं कडक होतात, फेस उघडा राहतो आणि बॉल उजवीकडे निघून जातो.

आणखी एक, सराव-स्विंगचं. फेरीत एकूण ९० फटके मारणाऱ्याचे पटरचे फटके साधारण ३५ धरले, तर उरले ५५ शॉट. प्रत्येकाआधी तीन सराव-स्विंग म्हणजे १६५ जादा. अठराव्याला हात का उचलत नाहीत हे वेगळं शोधायला नको. एक पुरे.

हे खरं तर सुरुवातीलाच यायला हवं होतं: ग्रिप गुळगुळीत झाली असेल तर आदल्या दिवशी कोमट पाणी आणि साबणाने घासून वाळवा. घसरणारी ग्रिप आपोआप घट्ट पकडली जाते. घामाच्या दिवसात दोन ग्लव्ह, नवव्यानंतर बदल. पाणी प्रत्येक होलला दोन-तीन घोट, तहानेची वाट न बघता. बॅग एकाच खांद्यावर असेल तर तो खांदा अड्रेसलाही (बॉलसमोर उभं राहतानाही) वेगळाच बसतो, दोन पट्ट्यांची घ्या.

पंधराव्यानंतर पाय जड झाले की सात नंबरच्या आयर्नऐवजी बॉल जास्त लांब नेणारा सहा नंबर घेऊन तीन-चतुर्थांश स्विंग. बॉलची जागाही तपासा. थकल्यावर दोन पायांतलं अंतर आपोआप वाढतं आणि बॉल सरकतो. ड्रायव्हरला (सगळ्यात लांब क्लबला) तो डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत, सात आयर्नला मध्याच्या किंचित पुढे. शंका आली तर डिव्हॉट बघा. तो बॉलच्या आधी सुरू होत असेल तर वजन मागे राहिलंय, लक्ष्याच्या डावीकडे वळला असेल तर क्लब बाहेरून आत येतोय. दोन्ही एकदम दुरुस्त करायला जाऊ नका. एक धरा, दुसरं रेंजवर.

पार थ्रीनंतरच्या टीवर मी ड्रायव्हर काढत नाही, हायब्रिड (त्याहून आखूड, सोपा क्लब) मारतो. बहुतेकदा तिथेही तेच चौघे उभे असतात.