सव्वीस जुलै, रूट नंबर चार

शाळा लवकर सोडली, ही त्या दिवसाची पहिली चूक. हेतू कुणाचाच वाईट नव्हता. दोन-सव्वादोनला आभाळ असं भरून आलं की ट्यूबलाइट लावूनही मागच्या बाकावरून फळा दिसेना. मुख्याध्यापिकाबाईंनी ठरवलं, पाऊस वाढायच्या आत मुलं घरी पोचवू. तोवर तो वाढलेला होता. २६ जुलै २००५, मंगळवार.

मी तेव्हा विलेपार्ले पूर्वेच्या एका शाळेत बसवर होते. पार्ल्याहून हायवेने वाकोला, तिथून कलिना, सीएसटी रोड आणि शेवटी कुर्ला असा आमचा रूट नंबर चार. मुलं मला ‘बसच्या ताई’ म्हणायची, ड्रायव्हरला ‘मामा’. बसवर बाई कशाला हवी, असं तेव्हा पुष्कळ पालकांना वाटायचं. त्यांना मी सांगायचे, १९९७च्या नोव्हेंबरात दिल्लीत वझीराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत पडली, २८ मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बससाठी नियम घालून दिले: वेग ताशी ४०च्या वर नको, खिडक्यांना आडवे गज हवेत, प्रथमोपचाराची पेटी हवी, मुलांबरोबर शाळेचं माणूस हवं. माझी नोकरी त्या मुलांच्या मरणातून आली आहे, हे मी कधी विसरले नाही.

निघण्याआधी ऑफिसातल्या सरांनी दक्षिण मुंबईत संस्थेच्या कचेरीला फोन लावला होता. तिकडून उत्तर आलं, ‘इथे तर भुरभुर आहे, एवढं काय?’ ते खोटं बोलत नव्हते. त्या २४ तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात दोन वेगळे दिवस चालले होते. आम्ही पावणेतीनला गेटबाहेर पडलो. बसमध्ये ३४ मुलं, दुसरीपासून सातवीपर्यंतची.

हायवेवर एरवी दहा मिनिटांचा पट्टा तासाभराने संपला. कलिन्याकडे वळलो तेव्हा पुढच्या रिक्षांची चाकं बुडालेली दिसत होती. मामांनी पहिला गिअर टाकला, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जराही न हलवता बस रेटली. सायलेन्सर पाण्यात असताना पाय काढला की पाणी आत शिरतं आणि इंजिन मरतं, हे त्यांनीच मला पूर्वी समजावलं होतं. रस्त्याला किंचित चढ होता तिथे येऊन त्यांनी बस डावीकडे घेतली आणि स्वतःहून इंजिन बंद केलं. मागे गाड्यांचा खच पडलेला, परत फिरायला जागा नाही. मी विचारलं, ‘मामा, अजून जाता येईल ना?’ ते म्हणाले, ‘पाणी किती आहे ते दिसतंय ताई. खाली रस्ता आहे का नाही, ते दिसत नाही.’ त्या एका वाक्यावर ३४ घरं उभी आहेत, असं मी आजही मानते. इतर कुणी असता तर पोरांच्या रडण्याला कंटाळून बस पुढे घातली असती.

दुसरी पायरी बुडाली तेव्हा साडेचार वाजले होते. मुलं सीटवर पाय वर घेऊन बसलेली, काहींना मजा वाटत होती, गाणी चालली होती. माझी नजर मात्र खिडक्यांवर गेली. ते आडवे गज. मुलांची डोकी, हात बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेले, आणि योग्यच आहेत ते. पण पाणी सीटपर्यंत आलं तर त्याच गजांच्या आत आम्ही सगळे. म्हणून मागे संकटकालीन दरवाजा असतो. मी दप्तरं बाजूला सारून तिथवर गेले. खटका गंजून घट्ट बसलेला. मामांनी पान्याने ठोकून तो सैल केला, त्याला दहा मिनिटं लागली. त्या दरवाजाला मी दोन वर्षांत एकदाही हात लावून पाहिला नव्हता. बस कंत्राटदाराची होती, पण मुलं माझी होती. तपासायला हवं होतं ते मीच.

समोर रस्त्याच्या पलीकडे चार मजली इमारत होती. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून एक बाई मघापासून हाका मारत होत्या, ‘पोरांना वर आणा, पोरांना वर आणा.’ मधलं अंतर ४० पावलांचं. पाणी मोठ्यांच्या गुडघ्याच्या वर. बसमध्ये थांबायचं की उतरायचं? अंधार पडल्यावर ३४ मुलं उतरवणं जमणार नव्हतं, म्हणून मी उजेडातच उतरायचं ठरवलं. त्या इमारतीतले आठ-दहा जण दोरखंड घेऊन आले, गेटपासून बसपर्यंत ताणून उभे राहिले. मामांनी आधी काठीने सगळी वाट चाचपली. लोकांनी पाणी ओसरावं म्हणून ठिकठिकाणी गटारांची झाकणं उघडलेली होती, आणि वरून सगळीकडे सारखंच गढूळ पाणी. धाकटी मुलं कडेवर, मोठी दोराला धरून. बसच्या दारात मी रजिस्टर पाहून एकेक नाव घेत होते, वरच्या जिन्यात सातवीतली एक मुलगी तीच नावं पुन्हा घेत होती. तिची यादी आणि माझी यादी ३४वर जुळली तेव्हा कुठे मी शेवटची उतरले.

मामा बसमध्येच थांबले. शोधत येणाऱ्या आईबापांना बस दिसेल आणि आत कुणी नसेल, तर त्यांचं काय होईल, हे त्यांना सुचलं, मला नाही. आम्ही रजिस्टरचा कागद फाडून त्यावर पेन्सिलने मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘सर्व ३४ मुले समोरच्या इमारतीत, पहिला मजला, सुखरूप’, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून काचेला आतून लावला.

रात्रीबद्दल सांगण्यासारखं खूप आहे. वीज गेलेली, मोबाइल बंद, लँडलाइन मुकी. तीन घरांनी दारं उघडी टाकली. कुणी कुकर लावले, कुणी ओली दप्तरं पंख्याच्या दांडीला टांगली, कुणी आपल्या मुलांचे कपडे काढून दिले. एकाच ताटात चार-चार पोरं डाळभात जेवली. सहावीतल्या एका मुलीची पाळी त्याच संध्याकाळी पहिल्यांदा आली. ती माझ्या कानाशी येऊन काही न बोलता नुसती उभी राहिली. त्या घरातल्या आजींनी तिला आत नेलं. शाळेच्या बसच्या पेटीत कापूस, पट्ट्या, आयोडीन सगळं होतं, हे एक नव्हतं.

सातवीतला एक मुलगा सारखा म्हणत होता, ‘ताई, माझं घर इथून पाच मिनिटांवर आहे, मला पोहता येतं.’ मी त्याला जाऊ दिलं नाही. शेवटी त्याला जिन्यात बसवलं आणि काम दिलं: पालक आले की बॅटरी दाखवायची.

आठनंतर पालक यायला लागले. कमरेपर्यंत भिजलेले, चपला वाहून गेलेल्या. अंधेरीहून, वांद्रे-कुर्ला संकुलातून, दादरहून चालत आलेले. मूल दिसलं की माणूस नुसता खाली बसायचा. तरीही मी प्रत्येकाला सही करायला लावली. एका वडिलांनी माझ्यावर आवाज चढवला, ‘अशा वेळेला कसली सही?’ मी वही पुढे धरून उभी राहिले. पेनाची शाई ओल्या कागदावर पसरत होती, म्हणून पेन्सिल. नाव, कोण घेऊन गेलं, नातं, वेळ, सही.

दहा वाजून वीस मिनिटांनी कुर्ल्याचे एक गृहस्थ आले. त्यांची मुलगी चौथीत. त्याच मजल्यावर राहणारा दुसरीतला एक मुलगाही आमच्याकडे होता. ते म्हणाले, ‘ह्यालाही नेतो, ह्याची आई नोकरीवर असते, ती कुठून येणार आता?’ मी मुलाला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, ‘हो, काका आमच्या शेजारचेच आहेत, मी त्यांच्याकडे खेळायला जातो.’ त्यांच्या मुलीला वेगळं विचारलं. मजला, दाराचा रंग, मुलाच्या आजीचं गाव, सगळं जुळलं. माझ्या मते मी पूर्ण खात्री केली होती. रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘शेजारी’, त्यांची सही घेतली आणि दोन्ही मुलं दिली. मुलगा त्यांच्या खांद्यावर बसून, माझ्याकडे हात हलवत गेला.

त्याची आई दीड वाजता आली. अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीतल्या ऑफिसातून चालत. काचेवरची चिठ्ठी वाचून वर आलेली, म्हणून तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता. मी रजिस्टर उघडून ती ओळ दाखवली. तिने नाव वाचलं, म्हणाली, ‘चांगली माणसं आहेत.’ मग थोड्या वेळाने तिने विचारलं, ‘कुठल्या रस्त्याने गेले?’

मला माहीत नव्हतं.

मी माणूस तपासला होता, रस्ता विचारलाच नव्हता. तिकडून आलेले पालक सांगत होते की सीएसटी रोडला पुढे छातीएवढं पाणी आहे, मिठी नदी रस्त्यावर आली आहे. हे मी साडेनवापासून ऐकत होते. तरीही माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, हा माणूस खरा की खोटा. त्या माणसाला आपलं मूल न्यायचा हक्क होता. दुसऱ्याचं मूल कोरड्या जागेतून काढून रात्रीच्या पाण्यात द्यायचा हक्क मला नव्हता. ती आई मला काही बोलली नाही. ती भिंतीला टेकून बसली आणि मी तिच्या शेजारी. पाच-साडेपाच तास.

आज मी एका शाळेचा परिवहन विभाग बघते. मधल्या वर्षांत पुष्कळ बदललं. २०११मध्ये महाराष्ट्राने स्कूल बससाठी स्वतंत्र नियम केले, मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती आली, मुली असतील त्या बसमध्ये महिला अटेंडंट बंधनकारक झाली. बस कुठे आहे हे आता आईबापांना मोबाइलवर दिसतं. हे सगळं मला हवंच होतं. पण समितीच्या जूनमधल्या बैठकीत मी दरवर्षी जी गोष्ट मांडते ती त्या रात्रीची आहे. मोठ्या भरतीला पावसाचं पाणी समुद्रात जात नाही, शहरातच तुंबतं; पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा महापालिका आधीच जाहीर करते. त्या माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलेल्या असतात. त्या दिवशी भरतीच्या वेळेला मोठा पाऊस असेल तर आमची एकही बस गेटबाहेर पडत नाही. मुलं शाळेत थांबतात, लागलं तर रात्रभर. तळमजला सोडून वर. शाळेत बिस्किटं, पाणी, चटया, बॅटऱ्या, सॅनिटरी नॅपकिन ठेवलेले असतात. ‘लवकर सोडा’ हा शब्द माझ्यासमोर कुणी काढला की मी आजही चिडते. सगळ्या शहराने एकाच वेळी मुलं रस्त्यावर काढायची आणि मग रस्ते का तुंबले म्हणायचं!

बसमध्ये यादी अजून कागदावरच असते, प्लास्टिकच्या पाकिटात, सोबत पेन्सिल. फोन मेला तरी कागद वाचता येतो. संकटकालीन दरवाजा दर सोमवारी सकाळी अटेंडंटने स्वतः उघडून बंद करायचा, मुलांसमोर, आणि पाचवीच्या पुढच्या प्रत्येक मुलाला तो उघडता यायला हवा. मूल कुणाच्या हाती द्यायचं त्या दोन माणसांची नावं आणि फोटो शाळा सुरू होतानाच घेतले जातात. आणि वहीत आता एक रकाना जास्त आहे: ‘कुठल्या रस्त्याने’. पालकांना तो विचित्र वाटतो, कोरड्या दिवशी तर फारच. तरी भरून घेते.

त्या सकाळी साडेसहाला पाणी घोट्यापर्यंत उतरलं. उरलेली अकरा मुलं मामांच्या आणि त्या आजींच्या स्वाधीन करून मी त्या आईबरोबर कुर्ल्याकडे निघाले. रस्त्याचं वर्णन मी करणार नाही. गाड्या एकमेकींवर चढलेल्या होत्या, काही गाड्यांभोवती माणसं गप्प उभी होती, आणि ती का उभी आहेत हे आम्हाला कळत होतं. काचा उघडल्या नाहीत म्हणून त्या रात्री मुंबईत माणसं आपल्याच गाडीत गुदमरून गेली. तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली.

पुढे बेस्टच्या तीन-चार डबलडेकर एकामागे एक बंद पडलेल्या होत्या. दुसऱ्या बसच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून आमच्या शाळेचा पिवळा टाय लटकत होता, वाळत घातल्यासारखा. तिने हाक मारली. आधी ते शेजारी दिसले, मग त्यांची मुलगी, मग झोपेतून उठून डोळे चोळत तो.

रात्री छातीएवढं पाणी लागल्यावर ते गृहस्थ दोन्ही मुलांना घेऊन त्या बसमध्ये चढले होते. कंडक्टरने आपला शर्ट काढून मुलाला गुंडाळला होता. ते माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, ‘ताई, मी तुमचं ऐकायला हवं होतं.’ पण मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं. मी फक्त त्यांची सही घेतली होती.

तिने मुलाला कडेवर घेतलं, मग माझ्या पिशवीकडे बोट केलं. मी रजिस्टर काढलं. रात्रीच्या त्या ओळीखाली, शेजाऱ्यांच्या सहीच्या खाली, तिने पेन्सिलने लिहिलं, ‘मिळाला. सकाळी ७.४०’, आणि सही केली.