एआयचा संशय आलेला एक प्रोजेक्ट – माझा अनुभव

मी नाशिक जिल्ह्यात एका कॉलेजात शिकवते. यंदा टीवायच्या एका मुलीच्या कांदा साठवणुकीवरच्या, इंग्रजीत लिहिलेल्या प्रोजेक्टवर सॉफ्टवेअरने ७४ टक्के एआय दाखवलं आणि डिपार्टमेंटमधे लगेच शून्य द्यायची भाषा सुरू झाली. कुणी यूजीसीच्या २०१८ च्या नियमातले १० टक्के, ४० टक्के असे टप्पे काढले, पण ते टप्पे मजकूर दुसऱ्याच्या लिखाणाशी किती जुळतो त्याचे आहेत, एआयचा आकडा नुसता अंदाज असतो, तिथे शेजारी ठेवून बघायला मूळ मजकूरच नसतो. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने एआयचं लिखाण ओळखणारा स्वतःचाच डिटेक्टर जुलै २०२३ मधे अचूकता कमी म्हणून बंद केला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेलचे (इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांची इंग्रजीची परीक्षा) निबंध सात डिटेक्टर्सना दिले तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध एआयचे ठरले, सगळे माणसांनी लिहिलेले असून! इंग्रजी परकी असली की माणूस मोजक्या ठरलेल्या शब्दांत लिहितो आणि मशीनला तेच खटकतं. आमच्याकडे तर बहुतेक मुलं तशीच लिहितात.

म्हणून मी आग्रह धरला की आधी मुलीला विचारू. आरोप न करता, एचओडी सरांसमोर, शांतपणे. गुगल डॉक्सची हिस्टरी उघडली तर पानंच्या पानं एका झटक्यात पेस्ट केलेली, सर माझ्याकडे बघायला लागले. ती म्हणाली, मॅडम, मी आधी मराठीत लिहिलं, मग ट्रान्सलेट करून टाकलं. मराठी फाईल उघडायला लावली, तर ती बरेच आठवडे थोडी थोडी वाढलेली, खोडलेली, एक परिच्छेद तर तीनदा बदललेला. मग विषयावर प्रश्न विचारले. लाल कांदा चाळीत का ठेवत नाहीत? ती म्हणाली, त्यात पाणी जास्त, तो लगेच सडतो, उन्हाळ कांदाच चार-पाच महिने टिकतो, तोही खालून हवा खेळली तर. आणि लासलगावच्या शेतकऱ्यांशी बोलून भरलेली वही पुढे ठेवली, पेनाने लिहिलेली, मधेमधे हिशोब.

शून्य टळलं. ट्रान्सलेशन वापरल्याचं एका ओळीत लिहून दे एवढंच सांगितलं. तसाच शेरा आलेल्या दुसऱ्या मुलाला मात्र स्वतःच्याच रिपोर्टमधला तक्ता सांगता येईना, त्याला पुन्हा लिहायला लावलं, तेही आकडा बघून नाही, तोंडी परीक्षेवरून. आता पुढच्या बॅचला पहिल्याच दिवशी सांगणार आहोत की कच्चं लिखाण, वह्या, फाईली काही टाकून देऊ नका, आणि मराठीत लिहून भाषांतर केलं तर चालेल, फक्त तसं सांगा.