तिसरा कान

नळाला पाणी आलं नाही की आमच्याकडे २० लिटरचा प्लास्टिकचा जार येतो. गुळगुळीत, ओलसर आणि धरायला काही म्हणजे काही नाही. त्याला मिठी मारून जिना चढताना मला हटकून हायड्रिया आठवते.

हायड्रिया म्हणजे प्राचीन ग्रीकांची पाण्याची घागर. तिला कान तीन. पोटाच्या दोन बाजूंना दोन आडवे, भरलेली घागर उचलायला. मागे मानेपासून खांद्यापर्यंत एक उभा, पाणी ओतायला आणि रिकामी घागर एका हाताने लटकवत न्यायला. ‘कान’ हा शब्द मी आपल्या कढईवरून उचलला खरा, पण ग्रीकही कानच म्हणत. कवी होमरने ‘इलियड’ महाकाव्यात वर्णिलेल्या नेस्टर राजाच्या पेल्याला चांगले चार कान आहेत!

मला कौतुक त्या तिसऱ्या कानाचं. भरल्या घागरीचा विचार कुणीही करेल. पण निम्मी वाट रिकाम्या घागरीनेच चालायची असते, हे कुंभाराला आपलं आपण सुचलं असेल? घरात कुणीतरी त्याला ऐकवलं असणार.

सुरुवातीच्या घागरींचा खांदा कोपरा काढल्यासारखा मोडायचा. त्यावर चित्रकाराला वेगळी चौकट मिळायची. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीस तो कोपरा गेला आणि मानेपासून पोटापर्यंत एकच वळण आलं. या घाटाला काल्पिस म्हणतात. सुबक आहे, पण मला जुनीच आवडते.

त्याच सुमारास अथेन्सच्या चित्रकारांनी हायड्रियांवर पाणवठेच रंगवले. खांबांची ओसरी, भिंतीतल्या सिंहाच्या तोंडातून पडणारी धार आणि घागरी घेतलेल्या बायका. रिकामी घागर डोक्यावर आडवी, भरलेली उभी. खाली चक्क चुंबळ! काहींच्या शेजारी त्यांची नावंही लिहिलेली. सगळ्या नटूनथटून आलेल्या, कुणालाच घाई नाही. चित्रकार कधी पाणी भरायला गेला नसावा. इ.स.पू. ४११ मधल्या ॲरिस्टोफेनीसच्या ‘लिसिस्ट्राटा’ नाटकातल्या बायका वेगळंच सांगतात. झुंजुमुंजू होताना पाण्यावर गेलो. तिथे ही गर्दी, गलका, मडक्यांचा खडखडाट, दासींचे धक्के. कशीबशी घागर भरली. माझा विश्वास या बायकांवर. अथेन्सच्या अगोरातल्या, म्हणजे बाजारचौकातल्या, जुन्या विहिरी उपसल्या, तेव्हा तळाशी फुटक्या घागरींचा खच निघाला, तोही त्यांचीच बाजू घेतो. रंगवलेल्या देखण्या हायड्रिया मात्र कितीतरी इटलीतल्या एट्रुस्कन या प्राचीन लोकांच्या थडग्यांमध्ये सापडल्या. तिथे धक्के द्यायला कुणी नव्हतं.

तीच घागर कधी मतं टाकायला वापरली जायची, कधी ब्राँझची घडवून शर्यतीत बक्षीस म्हणून दिली जायची. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळच्या हाद्रा इथे तर तिच्यात माणसांच्या अस्थी ठेवत. पाण्याचं भांडं पाण्यापुरतं कधी राहतच नाही.

अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या उत्तरेकडच्या शिल्पपट्टीवर मिरवणुकीत चार तरुण हायड्रिया नेताना दिसतात. तिघांनी त्या खांद्यावर घेतल्यात. चौथ्याची अजून जमिनीवर आहे आणि तो ती उचलायला कमरेतून वाकलाय.