नाशिकच्या वहीत भेटलेली पणजी

नाशिक-पुणे रस्त्याबद्दल लिहीत नाही. चाकणमधून ज्यांनी गाडी काढलीय त्यांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांना पटणार नाही. ज्या लग्नाला गेलो होतो ते झालं, पंगत झाली, मिसळही झाली. लिहायचंय ते पंचवटीबद्दल.

रामकुंडावर गाडी लावायच्या आतच "कुठलं गाव? आडनाव काय?" सुरू होतं. डोकंच फिरतं. पण उपाध्यांच्या वह्यांत पूर्वजांची नोंद शोधायची किल्लीही तीच. गावं उपाध्यांच्या घराण्यांत वाटलेली, वह्या गाव-आडनावानं लावलेल्या. निफाडकडचं आमचं गाव सांगितल्यावर एकानं बोळातल्या वाड्यात नेऊन सोडलं.

गुरुजींनी फडक्यात बांधलेली वही सोडली. आजोबांची 1956च्या सिंहस्थातली सही मला वाचता आली. त्यामागची पानं मोडी लिपीत. आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतलेल्या आणि मग त्यांना लटकवलेली, हात न उचलता लिहिलेली अक्षरं. गुरुजी मात्र पेपर वाचावा तसे वाचत होते.

"शके 1840, कार्तिक. तुमचे पणजोबा आलेत. वडील, कुटुंब भागीरथी आणि मुलगा, यांच्या अस्थी घेऊन."

"गुरुजी, पणजीचं नाव सरस्वती. ती माझ्या वडिलांच्या लग्नात होती."

"त्या नंतरच्या. ह्या बघा खाली, शके 1849."

कार्तिक 1840 म्हणजे नोव्हेंबर 1918. इन्फ्लुएंझा. जूनमध्ये साथ मुंबईत आली, सप्टेंबरपासूनची दुसरी लाट जीवघेणी निघाली आणि गावोगाव पोचली. त्यात पावसानंही त्या साली दगा दिलेला. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली, हे वाचलेलं होतं. त्यातली तीन आमच्या घरातली, हे कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं. पणजोबा तापट आणि घुमे, पोरांना कधी जवळ न घेणारे, एवढीच त्यांची ख्याती.

दक्षिणा किती, ते गुरुजींनी सांगितलं नाही. अशा वेळी हात जरा जास्तच सैल सुटतो.

बाहेर येऊन आत्याला फोन लावला.

"होती ना," ती म्हणाली. "तापात गेली. देव्हाऱ्यात खंडोबाशेजारी चांदीचा टाक नव्हता का? तो तिचाच. आजी आधी त्याला कुंकू लावायची, मग स्वतःला."

दर दिवाळीला देव घासायचं काम माझ्याकडे असायचं. तो टाक कुठल्यातरी देवीचा, असं धरून मी इतकी वर्षं घासला.

"मग सांगितलं का नाही कुणी?"

"त्यात काय सांगायचं? सवतीचा टाक घरोघरी असतो." मग जरा थांबून, "नाव काय लिहिलंय रे तिचं? आम्ही नुसतं मोठी आजी म्हणायचो."

वाटणीत देव डोंबिवलीच्या चुलतभावाकडे गेले. वहीच्या पानाचा फोटो त्याला पाठवला. तासाभरात उत्तर आलं: "यात जात लिहिलीय का? कुणबी दाखल्याला चालेल?"