डेम्प्सीचं पडतं पाऊल

‘अंगाचं वजन ठोशात घाल’ असं बॉक्सिंग शिकणाऱ्या पोरांना सगळेच सांगतात. कसं घालायचं ते सांगणारे थोडे. मग पोरगं दात-ओठ खाऊन खांदा ताणतं आणि ठोसा बसतो नुसत्या हाताच्या जोरावर.

जुन्या जमान्यातला हेवीवेट बॉक्सर जॅक डेम्प्सी याच्याकडे याचं सरळ उत्तर होतं. ४ जुलै १९१९ ला अमेरिकेतल्या टोलेडोमध्ये त्याने तेव्हाचा हेवीवेट विजेता जेस विलर्डला पहिल्याच राउंडमध्ये सात वेळा पाडलं. विलर्ड साडेसहा फुटी, सुमारे १११ किलोचा. डेम्प्सी ८५ च्या आसपास. दंडांच्या मापावर हा हिशेब जुळत नाही. डेम्प्सी म्हणायचा, वजन ढकलायचं नाही, पडू द्यायचं.

अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी संपली असं वाटतं आणि आणखी एक निघते, तेव्हा अख्खं अंग कसं खाली जातं? तेच इथे मुद्दाम करायचं. उजव्या हाताच्या माणसाने डावा पाय पुढे ठेवून पवित्रा घ्यायचा, मागची टाच किंचित उचललेली. भार पुढच्या पायावर येऊ द्यायचा आणि त्याच क्षणी तो पाय जमिनीवरून सोडायचा. टेकू गेला की अंग पुढे पडायला लागतं. पाऊल फूट-दीड फूट, त्याहून लांब नाही. पाय सुटताना डावा हातही सुटतो, आणि पाय टेकायच्या आत मूठ लक्ष्यावर पोहोचलेली हवी.

सगळी मेख या शेवटच्या अटीत आहे. पाय आधी टेकला तर पडणारं वजन फरशीने घेतलं. ठोशाला उरला फक्त कोपर. सरावाच्या टांगलेल्या जड बॅगेवर हे कानांनी तपासता येतं. हात लांब केल्यावरही बॅगेपर्यंत आणखी एक फूट अंतर राहील असं उभं राहा आणि सावकाश दहा वेळा मारा. आधी बॅगेचा आवाज, मग बुटाचा. उलट ऐकू आलं तर वेग कमी करा. जोर वाढवून ही चूक सुटत नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते: सुरुवात करण्याआधी मागच्या पायावर झोका घेणं. एवढ्याने समोरच्याला पत्र पाठवल्यासारखं होतं. तिसरी म्हणजे ठोसा मारून झाल्यावर मागचा पाय तिथेच विसरणं. पाय फाकतात, डोकं पुढच्या गुडघ्याच्याही पुढे जातं आणि उजवा ठोसा खायला तोंड तयार. म्हणून पुढचा पाय जितका गेला तितकाच मागचा लगेच ओढून घ्यायचा. उजवी मूठ तेवढा वेळ गालावरून हलवायची नाही.

त्याच्या एका गोष्टीची मात्र आज जशीच्या तशी नक्कल करू नये. तो मूठ उभी ठेवून करंगळीकडच्या गाठींवर भर द्यायला सांगायचा, कारण खांद्यापासूनची रेघ तिथे सरळ उतरते असं त्याचं गणित होतं. आज बहुतेक प्रशिक्षक पहिल्या दोन गाठींवर मारायला शिकवतात. करंगळीमागचं हाड बारीक असतं, चुकीचा ठोसा बसला की तेच मोडतं. हाताला साडेचार मीटरची पट्टी गुंडाळली म्हणून ते जाड होत नाही.

प्रशिक्षक कस डीअमाटोच्या ‘पीकाबू’ पवित्र्याचं याहून वाईट झालंय. दोन्ही मुठी गालांना, कोपरं बरगड्यांना, पावलं नेहमीपेक्षा समोरासमोर: एवढं दिसतं आणि एवढंच उचललं जातं. फ्लॉइड पॅटरसन १९५६ मध्ये २१ व्या वर्षी आणि माइक टायसन १९८६ मध्ये २० व्या वर्षी हेवीवेट विजेता झाला तो डोकं समोरच्याच्या ठोशाच्या रेघेबाहेर सतत ठेवून. पावलं समोरासमोर असल्यामुळे डावीकडे झुकलं काय, उजवीकडे झुकलं काय, दोन्ही बाजूंनी ठोसा भरलेला असतो. त्यासाठी लहानशी स्लिप बॅग (डोकं चुकवायच्या सरावाची) नाकाच्या उंचीवर टांगून झोका द्यायचा. वाकायचं गुडघ्यांतून, कमरेतून नाही, नजर बॅगेवर, डोकं बॅग कानाजवळून जाईल इतकंच हलवायचं. कमरेतून वाकणाऱ्याची नजर जमिनीकडे जाते आणि अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, त्याला दिसतच नाही. लांब हातांच्या उंच पोराला हा पवित्रा देणं म्हणजे त्याचं एकमेव भांडवल खिशात घालून ठेवणं.

(ठोशांना आकडे देऊन बोलायची डीअमाटोचीही पद्धत होती, पण त्याच्याकडे जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, ७ होता. आज ‘वन-टू’ म्हटलं की जॅब आणि उजवा सरळ. जुन्या चित्रफिती बघून सराव करणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.)

आणि मुहम्मद अलीचे खाली सोडलेले हात. ते त्याला परवडायचे कारण पाय अंतर राखत होते. तो डोकं सरळ मागे घ्यायचा, आणि पाय जागेवर राहिले की डावा हुक (बाजूने वळून येणारा ठोसा) त्यालाही बसायचा: १९६३ मध्ये हेन्री कूपरचा, ८ मार्च १९७१ ला पंधराव्या राउंडमध्ये जो फ्रेझियरचा. मागे जायचंच असेल तर आधी मागचा पाय हलवा. तो हलत नसेल, पाय जड झाले असतील, तर त्या राउंडपुरते हात वर.