केजीडीबी नव्या प्रोसेसरवर नेताना एक्स८६च्या सवयी कुठे नडतात

नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यात मशीन कंट्रोलर किंवा गेटवेवर लिनक्स चढवणाऱ्यांच्या टेबलावर आता एकाच वेळी तीन जातीचे बोर्ड दिसतात. जुन्या पॅनेलमध्ये एक्स८६, नव्यात आर्म६४ आणि चाचणीसाठी रिस्क-फाइव्ह. ड्रायव्हर थोड्या फेरफाराने तिन्हीकडे चालतो. केजीडीबीचं, म्हणजे चालू कर्नल (लिनक्सचा गाभा) थांबवून आत काय चाललंय ते दाखवणाऱ्या डिबगरचं तसं नाही, तो प्रोसेसरच्या स्वभावाला थेट भिडतो.

केजीडीबी मुख्य लिनक्समध्ये २००८ साली, २.६.२६ आवृत्तीत आला. आर्म६४साठी तो ३.१५ पासून आणि रिस्क-फाइव्हसाठी ५.८ पासून आहे. बोर्डासोबत मिळालेलं कर्नल जुनं असेल तर हा भाग मागे ओढून आणावा लागतो. जीडीबीशी (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देणाऱ्या डिबगरशी) बोलणं आणि ब्रेकपॉइंटची (कोड जिथे थांबवायचा त्या जागांची) यादी सांभाळणं हा सामाईक कोड आहे, त्याला हात लावू नका. बदलायचं ते आर्किटेक्चरच्या फोल्डरमध्ये.

पहिली फसगत ब्रेकपॉइंटचीच. एक्स८६वर ती एका बाइटची सूचना, हेक्समध्ये सीसी. ट्रॅप झाल्यावर (तिथे थांबून ताबा कर्नलकडे गेल्यावर) जतन झालेला पत्ता पुढच्या बाइटचा असतो, म्हणून एक वजा करावा लागतो. आर्म६४ची ब्रेकपॉइंट सूचना बीआरके चार बाइटची, आणि जतन झालेला पत्ता खुद्द बीआरकेचा. इथे वजाबाकी केली की पत्ताच चुकतो. जीडीबीने लावलेल्या ब्रेकपॉइंटला हे सोयीचं पडतं, कारण मूळ सूचना परत ठेवून तिथूनच पुढे जायचं असतं. पण सोर्समध्येच लिहिलेल्या ब्रेकपॉइंटखाली परत ठेवायला मूळ सूचना नसते. पत्ता चारने पुढे सरकवला नाही, तर 'कंटिन्यू' दिल्याबरोबर गाडी त्याच ओळीवर परत येते, कितीही वेळा द्या.

रिस्क-फाइव्हवरही जतन झालेला पत्ता ईब्रेक या ब्रेकपॉइंट सूचनेचाच असतो, वर दोन बाइटच्या संक्षिप्त सूचनांची भर. दोन बाइटच्या सूचनेवर चार बाइटचा ईब्रेक लिहिला तर शेजारची सूचना चिरडली जाते. दुसरीकडून कुणी त्या शेजारच्या सूचनेवर उडी मारली की कर्नल भलत्याच ठिकाणी कोसळतं, आणि दोष ब्रेकपॉइंटचा आहे हे लवकर लक्षातही येत नाही. म्हणून संक्षिप्त सूचना चालू असतील तर दोन बाइटचा सी-ईब्रेकच लिहा. सोर्समधला ब्रेकपॉइंट मात्र मुद्दाम चार बाइटचा ठेवलेला असतो, तिथे चारनेच पुढे जायचं.

रजिस्टरांचा (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवण-जागांचा) क्रम जीडीबीला हवा तसाच पाठवावा लागतो. आर्म६४वर पीस्टेट हे प्रोसेसरच्या स्थितीचं रजिस्टर कर्नलच्या नोंदीत ६४ बिटचं आहे, जीडीबीला ३२ बिटचं हवं. जास्त पाठवलं तर पुढची रजिस्टरं सरकतात किंवा जीडीबी पॅकेट लांब असल्याची तक्रार करतो. रिस्क-फाइव्हवर शून्य क्रमांकाचं रजिस्टर कायम शून्य असल्याने कर्नल त्या जागी प्रोग्राम काउंटर ठेवतं. नोंद जशीच्या तशी पाठवली तर 'झीरो'मध्ये पत्ता आणि 'पीसी'मध्ये स्टेटस दिसतं. हे दिसलं की दुसरीकडे शोधत बसू नका.

खरा घाम निघतो तो एकेक सूचना पुढे नेताना. एक्स८६वर ईफ्लॅग्ज रजिस्टरमधला आठवा बिट (मोजणी शून्यापासून) लावला की झालं. आर्म६४वर एमडीएससीआर रजिस्टरमधला एसएस आणि एसपीएसआर रजिस्टरमधला २१वा, असे दोन बिट हवेत. प्रत्येक पावलानंतर दुसरा हार्डवेअर स्वतःच उतरवतं, तो पुन्हा चढवावा लागतो. शिवाय इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक) ताटकळत असेल तर पुढच्या ओळीऐवजी थेट इंटरप्टच्या कोडात पाय पडतो.

रिस्क-फाइव्हवर कर्नलला सुपरवायझर मोडमधून (कर्नल ज्या पातळीवर चालतं तिथून) वापरता येईल असा साधा स्टेप बिटच नाही. तो आहे डीसीएसआर रजिस्टरमध्ये, आणि तिथे फक्त डिबग मोडमधून हात पोचतो. म्हणून सध्याची सूचना उलगडायची, पुढचा पत्ता काढायचा आणि तिथे तात्पुरता ईब्रेक ठेवायचा. ब्रांच (अटीवरची उडी) असेल तर रजिस्टरं तुलना करून कुठली वाट धरली जाईल ते ठरवायचं. तुलना चिन्हासहित की चिन्हाविना, हे सूचनेनुसार बदलतं. उडीच्या अंतराचे बिट सूचनेत विखुरलेले असतात. ते जुळवताना ऋण चिन्ह हरवलं तर सरळ कोडात सगळं सुरळीत वाटतं आणि लूपच्या शेवटी, मागे उडी मारताना, बोर्ड सुसाट निघून जातो. चाचणीत मागे जाणारी उडी आणि संक्षिप्त ब्रांच दोन्ही असायलाच हव्यात.

कर्नलचा कोड हल्ली फक्त वाचण्यापुरता असतो. ब्रेकपॉइंट लिहायला त्या त्या आर्किटेक्चरचं पॅचिंग फंक्शनच वापरा, पण इतर कोअरना थांबवून वाट पाहणारं नको. डिबगरने ते आधीच थांबवलेले असतात, बोर्ड तिथेच गोठेल. लिहिल्यावर आर्म६४वर डेटा कॅश साफ करून मग इन्स्ट्रक्शन कॅश रद्द करायची, मध्ये बॅरियर (आधीचं काम पुरं होईपर्यंत थांबवणारी सूचना). रिस्क-फाइव्हची यासाठीची फेन्स-आय सूचना फक्त त्याच कोअरपुरती चालते, हे विसरलं की ब्रेकपॉइंट कधी लागतो, कधी नाही.

इतर कोअर थांबवायला एक्स८६कडे एनएमआय (बंद न करता येणारा इंटरप्ट) आहे. साधा आयपीआय (एका कोअरने दुसऱ्याला पाठवलेला इंटरप्ट) मात्र इंटरप्ट बंद करून बसलेल्या कोअरला ऐकू जात नाही, आणि नेमका तोच कोअर अडकलेला असतो. आर्म६४वर कर्नल ६.७ पासून जीआयसी-व्ही३ या इंटरप्ट कंट्रोलरच्या स्यूडो-एनएमआयने हे सुटतं. ते बूट पॅरामीटरने चालू करावं लागतं.

आधी क्यूईएमयू या एम्युलेटरवर चालवा. केएएसएलआर (बूटच्या वेळी कर्नलचे पत्ते बदलणारी सोय) बंद करा, नाहीतर सिम्बॉल (फंक्शनची नावं आणि त्यांचे पत्ते) जुळणार नाहीत. कर्नलमधली केजीडीबीटीएस चाचणी तिन्ही प्रोसेसरवर पास झाल्याशिवाय बोर्डाला वायर लावू नका. बोर्डावर यूएआरटी (सिरियल पोर्ट) ड्रायव्हरला इंटरप्टशिवाय पोलिंगने अक्षरं वाचता-लिहिता आली पाहिजेत. यूएसबी-सिरियल मॉड्यूल ३.३ व्होल्टचं आहे ना, तपासा. कारखान्यात व्हीएफडीजवळून (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हजवळून) केबल नेली तर चेकसम चुकत राहतात आणि जीडीबी तेच पॅकेट पुन्हा पुन्हा मागतो. तिथे आयसोलेटेड मॉड्यूल घ्या, केबल आखूड ठेवा, आणि तरी जमत नसेल तर ११५२०० बॉडवरून वेग खाली आणा.